आधी बंदूक भेटू दे

प्रिय मामा,

कागदावर हात आपोआप "साष्टांग नमस्कार" लिहायला वळला आणि "तुमची प्रकृती ठीक असेल"पाशी येऊन अडला. प्रकृतीचं आता काय विचारू? ते तसंच सोडते आणि सरळ कामाचं बोलते. तुम्हालाही पाल्हाळ आवडायचं नाही, निदान दुसऱ्याचं.

आज लिहायला बसले ती सुजाताताईंमुळे. आमच्या इथल्या, आयर्लंडच्या मराठी मंडळातल्या या बाई बॉल्सब्रिजच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि माझ्या कादंबरीच्या मोजक्या पहिल्या वाचकांपैकी एक. आज सकाळी त्यांचा अभिप्राय आला. सगळं आवडलं, फक्त बारावं प्रकरण पटलं नाही म्हणतात. "बापू असा एकदम कसा मरतो? चांगला बोलतोय, चहा पितोय, आणि पुढच्या ओळीत नाही? वाचकाला आधी काहीतरी इशारा द्या. नाहीतर फसवल्यासारखं वाटतं."

मी हसले, मामा. ओट्याशी उभी राहून एवढ्या मोठ्याने हसले की अनघा शाळेचा ऑनलाइन तास सोडून बघायला आली. "आई, यू ग्रँड?" तुमची नात मराठी सगळं समजते आणि उत्तर इथल्या बोलीत देते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, हो, ग्रँड, म्हणजे ठीक. मग मला रडू फुटलं आणि ती बिचारी तशीच उभी राहिली.

बापू म्हणजे तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, हे सुजाताताईंना कुठे माहीत आहे?

मागच्या वर्षी इथे सगळं बंद झालं तेव्हा ही कादंबरी सुरू झाली. डून लेरीचा समुद्र खिडकीतून दिसत होता, पण घरापासून किती लांब जायचं ते सरकार ठरवत होतं. हे जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेले, मी स्वयंपाकघरात. फोनवर तुम्ही निवडणुकीतली बंदुकीची गोष्ट सांगितलीत. निवडणूक आली की परवाना असलेल्या सगळ्यांनी आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. रानडुकरांना हे कोण सांगणार, म्हणून तुम्ही चिडला होतात. माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं. बंदूक ठाण्यात कुलपात आहे आणि गावात खून होतो. जागेवर सापडलेलं काडतूस त्याच बंदुकीतून सुटलेलं निघतं. मग?

त्या "मग"मध्ये माझं वर्ष गेलं.

पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं, कारण प्रकाशकांना पाठवलेल्या मेलला कोणी साधी पोचही दिली नाही. छापण्याआधी चार लोकांनी वाचावं म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "बंदूक बाळगण्याच्या हक्कावरची थरारकथा लिहिली आहे, पहिले वाचक हवेत, खरं सांगणारे हवेत." धडाधड अंगठे आले. हात जोडलेले आले. एकाने विचारलं, प्रकाशनाला वडापाव ठेवणार ना? दुसऱ्याने बजावलं, ग्रुपवर राजकारण नको. वाचायला कोणीच मागेना. शेवटी सुजाताताई आणि आणखी दोघं तयार झाले, तेही मी एकेकाला फोन करून गळ घातली तेव्हा.

आणि तुम्ही रुसलात! आईकडून तुम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी फोन. "साऱ्या आयर्लंडाले इचारलं, मामाले नाई इचारलं. काहून वं? मले वाचता येत नाई काय?"

मला वाटलं होतं, तुम्हाला फोनवर एवढं वाचायचा त्रास होईल. तुम्ही लेकाला, प्रवीणला, तालुक्याला पिटाळलंत, मोठ्या अक्षरांत छापून आणायला लावलंत आणि रोज संध्याकाळी तो गठ्ठा काखेत मारून पानठेल्यावर जायला लागलात. तिथे मोठ्याने वाचन! मला इथे ओढूनताणून तीन वाचक मिळाले होते आणि तुम्ही मला अख्खा पानठेला मिळवून दिलात. वर त्यांचे अभिप्राय व्हॉइस मेसेजने पाठवायचात. मागे खोकला, मोटरसायकल, कोणीतरी चुना मागतंय, आणि मध्येच एक आवाज, "ठाणेदारच हाये तो खुनी, पैजेवर सांगतो."

माझा ठाणेदार खुनी आहे हे त्यांना चौथ्या प्रकरणात कळलं होतं. मी हादरले होते. तुम्ही खूश होतात.

आपली भांडणंही किती झाली या पुस्तकावरून. माझं म्हणणं, बंदूक कोणाकडेच नको. इथे साध्या गस्तीवरच्या पोलिसाकडेही नसते, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मंग त्याले भेते कोन?" मी म्हटलं, कोणी भीत नाही, तो हाय-हॅलो करतो आणि घरी जायला सांगतो. लोक जातात. तुम्हाला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

"तू समुद्राच्या काठी राहते," तुम्ही म्हणालात. "तुह्या बागेत कोल्हा येते अन् तुमी त्याले पाव टाकता. माह्या हरभऱ्यात डुकरं येतात. त्याहिले काय टाकू, पाव?"

हे वाक्य मी जसंच्या तसं बापूच्या तोंडी घातलंय. शेजारच्या मॉरीनला भिंतीवरून सांगितलं तर तिला इतकं आवडलं की तिने ते किलकेनीला भावाला फोन करून ऐकवलं. तो शेतकरी आहे, कावळ्यांसाठी परवान्याची बंदूक ठेवतो. त्याचा निरोप आला की युवर मॅन इज राइट. म्हणजे तुम्ही. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, त्याची बंदूक ते जमा करून घेतात का? नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला. कारण तुमची दुनळी तेव्हा पुन्हा ठाण्यात होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी जमा केलेली, निवडणूक उरकली, गुलाल धुतला गेला, तरी परत मिळत नव्हती. साहेब रजेवर, साहेब बंदोबस्तावर, परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, पुढच्या आठवड्यात या. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून जायचात आणि तसेच परत यायचात.

आणि मग तुम्ही बाराव्या प्रकरणापाशी पोचलात. त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावलात तो नमस्कार-चमत्कार न करताच.

"काय वं मंजे, मले मारलं?"

मी म्हटलं, मामा, बापू मेला, तुम्ही नाही. तुम्ही म्हणालात, "अंगणात खाट माही, चहा माहा, डुकरं माही, अन् मरते तो बापू?" तुमच्या मागे मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आवरेना. मग तुम्ही गंभीर झालात. "मार ना. मी कुठं नाई म्हन्तो? पन आधी बंदूक भेटू दे, मंग मार."

मी समजावत बसले. बंदूक ठाण्यात आहे हाच तर सगळा थरार, ती बापूला परत मिळाली तर गोष्टीतली हवाच जाईल. तुम्ही ऐकून घेतलंत. तुम्ही कधी ऐकून घ्यायचा नाहीत, म्हणून मला तेव्हाच नवल वाटलं. "इचार कर," एवढंच म्हणालात.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी उठले तर तुमचा व्हॉइस मेसेज. "संध्याकाळी फोन कर, बाराव्यावर बोलायचं हाये." ऐकला, चहा ठेवला, अनघाला उठवलं, कणीक भिजवायला घेतली. तेवढ्यात आईचा फोन. मामा गेला.

मी आईला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, छे, त्यांचा आत्ताच मेसेज आलाय. आई रडत होती आणि मी तिच्याशी वाद घालत होते. जणू माझ्याकडे पुरावा होता आणि तिच्याकडे नव्हता. अंगणात, खाटेवर, चहा पिता पिता, मोटर कोणी चालू ठेवली म्हणून प्रवीणवर ओरडत असताना. वाक्य अर्धंच राहिलं म्हणे. प्रवीणला वाटलं, तुम्ही दम घ्यायला थांबलात.

मामा, खाट आणि चहा मी तुमच्याकडूनच उचलले होते हो. अर्धं वाक्य मात्र माझं होतं. ते तुम्ही कशाला उचललंत?

तेव्हापासून मी धड भानावर नाही. प्रेसमधून डाळ काढायला जाते आणि दार उघडं धरून उभी राहते. बघा, कपाटाला प्रेस म्हणायला लागले मीही. ज्याला सांगावं तो आधी विचारतो, कोरोना का? नाही म्हटलं की लोक गोंधळतात. जणू यंदा दुसऱ्या कशाने जायची पद्धत नाही. विमानाचं बघायला गेले तर ह्यांनी लॅपटॉप हळूच बंद केला. तिथली गर्दी, इथलं परतणं, सगळंच अवघड होतं. मी तुम्हाला शेवटचं फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि चित्र मध्येच अडकलं.

मॉरीन दारात ब्रेड ठेवून लांब उभी राहिली. "सॉरी फॉर युवर ट्रबल," म्हणाली. कोणी गेलं की इथे असंच म्हणतात. मग विचारलं, अचानक गेले का? मी मान हलवली. मग ती म्हणाली, "अँड डिड ही एव्हर गेट द गन बॅक?"

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. तुम्ही गेलात या एकाच गोष्टीवर मी डोकं आपटत होते. तुम्हाला काय हवं होतं, ते मिळालं का, हे त्या बाईने विचारलं. नाही मिळाली, म्हटलं. तिने डोळे पुसले. मीही मग दारातच बसले.

तुमची बंदूक अजून ठाण्यातच आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणूस गेला की बंदूक कोणाचीच नाही. प्रवीणला ती नकोय. त्याने डुकरं अडवायला शेताला झटका मशीनच्या विजेच्या तारा लावायचं ठरवलंय.

आणि आता सांगते ते ऐका, कारण यासाठीच तर लिहायला बसले. सुजाताताईंचा तो अभिप्राय वाचून माझं रडून झालं आणि मी प्रवीणला फोन लावला. म्हटलं, पानठेल्यावरच्या लोकांना बाराव्याबद्दल काय वाटलं ते तरी सांग. त्यांनाही बापूचं मरण पटलं नाही का? मामांनी त्यांचा अभिप्राय पाठवलाच नाही.

प्रवीण म्हणाला, "कोनता बापू मेला?"

मला कळेना. मग त्यानेच सांगितलं. तुम्ही अकराव्यापाशी थांबलात. रोज विचारायचे तर म्हणायचात, पुढचं मंजीने अजून पाठवलं नाही, लिहून राहिली. बारावं प्रकरण तुम्ही गठ्ठ्यातून काढून उशाखाली ठेवलं होतं. मामीला ते गादी उन्हात टाकताना सापडलं. ठेल्यावर कोणालाच ठाऊक नाही. ते लोक अजून प्रवीणला अडवून विचारतात, बापूची बंदूक भेटली का?

मामा! मी अभिप्रायांची वाट बघत होते, आणि तुम्ही तिथे बसून सगळ्यांना माझ्यावर ढकलत होतात? मी लिहून राहिले म्हणे!

सुरुवातीला चिडले, खरंच चिडले. आपल्या वाचकाने आपलं प्रकरण लपवायचं? मग लक्षात आलं की तुमच्या गावात एक माणूस अजून जिवंत आहे. खाटेवर बसलाय, चहा पितोय, दर आठवड्याला इस्त्रीचा सदरा घालून ठाण्यात जातोय. माझ्या पुस्तकात मेला, तुमच्या अंगणात मेला, पण पानठेल्यावर नाही. त्याची अजून वाट बघतात तिथे. मला एवढ्या दिवसांत एवढं बरं कशानेच वाटलं नव्हतं, आणि एवढा धक्काही कशाने बसला नव्हता.

तर मामा, तुम्ही म्हणालात, विचार कर. केला.

बाराव्याच्या आधी एक नवं प्रकरण लिहिते. त्यात साहेब जागेवर असतील. बापू स्वतः ठाण्यात जाईल, रजिस्टरवर स्वतःची सही करेल, दुनळी कापडात गुंडाळून एसटीने गावी आणेल. पानठेल्यापाशी उतरेल. सगळे उठून बघतील. रात्रभर शेतात बसेल, डुकरं येतील, हवेत एकच बार काढेल आणि ती पळतील. एकही मरणार नाही. एवढं माझंही ऐका. थरार कमी होईल, गोष्ट तिथे ढिली पडेल, सुजाताताई नक्की म्हणतील. म्हणू देत. हे प्रकरण प्रवीणला पाठवते, तो ठेल्यावर वाचेल, आणि ते ऐकून त्यांची मनं भरली की मग बारावं.

कारण बारावं ठेवणार आहे. एक शब्द न बदलता. अंगण, खाट, चहा, आणि अर्धं वाक्य.

तुमची बंदूक तुम्हाला देते, हा शब्द. इशारा मात्र देणार नाही, सगळे वाचक सोडून गेले तरी नाही. मला कुठे कोणी दिला होता?

तुमच्याशी अजून भांडण संपलेलं नाही अशी,
तुमची मंजी
डून लेरी