एक शेळी, दोन फिल्मी

४ फेब्रुवारी ७३, भिंगार
दादा राहात्याहून आला तो चपला न काढताच आत, मला म्हणतो, "कुसुम, आपली शेळी चोरली!" वहिनी घाबरली, आपल्याकडं कुठली शेळी? अगं बाई, फिल्ममधली. मागच्या खोलीत (दादा तिला स्टुडिओ म्हणतो) काचेखाली बल्ब लावून दोन वर्षं कागदांवर काढली ती. दुष्काळात मालकाला विकवेना, म्हणून स्वतःच बाजारात जाऊन उभी राहणारी. राहात्याच्या नव्या स्टुडिओनं हुबेहूब तेच कार्टून काढलंय. शेळी तीच, बाजार तोच, वाटेतला टँकरसुद्धा तोच. चित्रं आमच्याकडून गेलेल्या माधवची; ओळखताच दादा अर्ध्यातूनच उठला.
यापुढं मा. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहिलं की पुढं काही सुचत नाही.

५ फेब्रु.
शाळेत चित्रकलेचे तीन तास. मुलींना फुलदाणी दिली नि मी खिडकीशी. मा. जाऊन चौदा महिने. फिल्म अर्धी झाली असताना दादाशी भांडून गेला. दादा म्हणालेला, पगारी माणसानं पायरीनं राहावं. जाताना मा. मला म्हणाला, "चल की माज्यासंगं." मी म्हटलं, दादाची फिल्म पुरी होऊ दे. काय ही शहाणी! झाली की फिल्म पुरी. आता काय करू तिचं?

९ फेब्रु.
शिक्षण खात्याचं पत्र. जिल्ह्यातल्या शाळांतून दाखवायला एकच फिल्म घेणार. दोन्हीकडून एकच गोष्ट आली, म्हणून २२ला नगरला मूळ चित्रं घेऊन हजर व्हा.
दादा खूष. "तू लिहून दे, गोष्ट आपल्या घरची. तो नुसता नोकर."
"बघते."
"बघते काय? लिही!"
अण्णा गेल्यावर दादानंच मला शिकवलं, नोकरीला लावलं. त्याच्या घरात राहून त्याच्याविरुद्ध लिहायचं? आणि त्याच्या बाजूनं लिहिलं तर मा.ची फिल्म पेटीत जाईल, वर चोर म्हणून नाव. इकडं आड तिकडं विहीर.

११ फेब्रु., रवि.
वहिनीला मैत्रिणीकडं म्हणून सांगितलं नि राहात्याची एस.टी. धरली. टॉकीजला दुपारच्या खेळाआधी मा.ची फिल्म लावतात. तो स्वतः नव्हता. चारदा मागं बघितलं, नव्हता.
त्याची शेळी चार पावलं चालते, थांबते, घराकडं वळून बघते. आमच्या फिल्ममधून दादानं ते कापलं, कागद फार लागतात म्हणून. ती चाल माझी. मा. मला अंगणात चालवायचा. "चाल. थांब. मागं बग. आता पुन्यांदा." मी हसून हसून दमायचे. शेजारच्या खुर्चीवरची म्हातारी म्हणाली, "कुनाची वाट बगती गं ही?" मला रडू फुटलं, आवरेना. म्हातारीनं पदरातले शेंगदाणे काढून दिले.
शेवटी पाटी : गोष्ट, कुसुम आणि माधव.
आमच्या फिल्मवर त्याचं नाव नाही. दादानं घालू दिलं नाही आणि मी गप्प बसले. चोर कोण मग?

१५ फेब्रु.
खरं ते इथं तरी लिहावं. शेळी मा.च्या आईची, कर्जतची. लोक जनावरं विकत होते तेव्हा त्याची आई म्हणाली, "मला न्या बाजारात, हिला न्हाई." हे मा.नं सांगितलं. शेळीला एकटीला बाजारात पाठवलं मी. मा. टेबल बडवून म्हणाला, "लई झ्याक!" तो दिवस परत कुठून आणू?
दादानं मसुदा टाईप करून आणलाय. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली.

२२ फेब्रु.
नगर. खात्याच्या साहेबांनी दोन्ही गठ्ठ्यांतली चित्रं टेबलावर मिसळली, म्हणाले, आपापली ओळखा. दादानं पटापट बोट ठेवलं, निम्मी चुकली. मी बघत बसले. मा.नं नि मी एका काचेवर इतके दिवस काम केलं, हात सारखेच झालेत. मा. म्हणाला, "मला बी न्हाई सांगता यायचं, सायेब."
वाळलाय. हनुवटीवर दाढी राहिलेली. सगळ्यांदेखत विचारलं, "बरी हाईस?" मी मान हलवली.
साहेब म्हणाले, गोष्ट कोणाची ते बाईंनीच लिहून द्यावं, सोमवारपर्यंत.
जिन्यात दादा : "त्याच्या फिल्मवर तुझं नाव आहे म्हणे. माहीत होतं तुला?"
"हो."


२५ फेब्रु., रवि.
मसुदा बाजूला ठेवला नि स्वतःच्या अक्षरात लिहिलं. गोष्ट दोघांची. आमच्या फिल्ममधली अर्धी चित्रं मा.ची. कोणी कोणाचं चोरलं नाही. सही केली, कागद दादापुढं ठेवला.
दादानं दोनदा वाचला. ओरडेल म्हणून मी कंबर कसून उभी. तर हळूच म्हणाला, "राहशील कुठं मग?"
मी त्याचा विचारच केला नव्हता.
"त्यानं परत विचारलंय तुला?"
"नाही."
"विचारेल?"
"नाही विचारलं तर मी विचारीन."
बोलून गेले नि कान तापले. एकोणतीस वर्षांत दादापुढं असं कधी बोलले नव्हते. दादानं मग कागदाची घडी करून खिशात घातली, सायकल काढली, बाहेर पडला.
उद्या तो कागद साहेबांपर्यंत पोचतो की वाटेतच फाटतो, देव जाणे. मी बोललेलं मात्र आता मागं घेणार नाही.