बाबांचा फोन गेटवरच असतो

मंगळवार, संध्याकाळ

बाबांचा फोन कुठे आहे ते सांगणारं ॲप मी आईच्या मोबाइलवर टाकलंय, ते आज वाजतच राहिलं. ‘बाबा निघाले’, ‘बाबा पोहोचले’, परत ‘बाबा निघाले’. बाबा मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत असतात. मागे तिथे गॅस लीक झाला, तेव्हापासून आईचा जीव या आवाजात अडकलेला. निघाले म्हटलं की ती तवा ठेवते. आज परत परत ठेवला. “तुजं ॲप येडं झालंय गं!”

फोनने नकाशावरचं कंपनीभोवतीचं सर्कल ओलांडलं की ॲप वाजतं, म्हणून शेवटी मी ते सर्कल मोठं केलं. आवाज थांबला. आई म्हणाली, “चला, म्हंजे आत सुखरूप हायत.”

बाबा घरी आल्यावर त्यांना सांगितलं, तर हसायला लागले. “अगं, फोन आत नेऊ देत नाय. गेटवरच्या लॉकरात जमा करतो आमी.”

म्हणजे सर्कलच्या काठावर आत-बाहेर करत होता आणि सुखरूप होता तो लॉकरमधला फोन; बाबांचं ॲपला काहीच कळत नव्हतं. इतकं डोकं लावलं मी, दमले. आई तेव्हा किचनमध्ये होती, तिने ऐकलं नाही. तिला सांगू का गं डायरी, तुला काय वाटतं?