नख लावून पाहिलं

जबलपूर,
रविवार, ता. ७ नोव्हेंबर १९६५

चि. बंडूस दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. लढाई थांबली, पण कारखान्यातल्या पाळ्या काही कमी झाल्या नाहीत. मी घरी येतो तो फक्त आडवा व्हायला. तुझी वहिनी म्हणते, भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान घोरत नाही. शहपुऱ्याला थंडी पडली का? सासुरवाडीचा पाहुणचार पुरे झाला नाही का अजून?

काल श्यामसुंदरला पाहायला गेलो. तुझ्या यंत्रावर नळी तुटून त्याच्या पायावर आली त्याला दोन महिने होत आले, प्लास्टर तसंच आहे. म्हणाला, "भैया, बंडू तो चिल्ला रहा था कि लेप उखड़ रहा है. फिर गलती उसकी कैसे?" मी त्याच्यासाठी संत्रं सोलत राहिलो.

लेप माझा होता. अ‍ॅसिडात धुतलेल्या नळ्या चुन्याच्या हौदात बुडवायच्या, वाळल्या की अंगठ्याचं नख ओढून पाहायचं, पांढरा थर टिकला तरच साबण लावून तुझ्याकडे डायच्या अरुंद भोकातून ओढायला पाठवायच्या. थर कच्चा असला की नळी डायमध्ये अडकते, हे तुला मीच शिकवलं. त्यात हे नवं मिश्र पोलाद फारच हट्टी. चौकशीत मी म्हणालो, नख लावून पाहिलं होतं. मग डाय चुकीची बसवली म्हणून ठपका तुझ्यावर आला.

माझे हात कुणी पाहायला मागितले नाहीत. दोन्ही अंगठे अ‍ॅसिडानं सोललेले, वर चिंध्या. त्या सकाळी तूच बांधल्या होत्यास. "दादा, या हातानं काहून काम करून राहिलास? घरी जा ना!" सलग तिसरी पाळी होती. मी नळ्या नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या आणि पुढं ढकलल्या.

साहेबांसमोर तू एकदा माझ्या हातांकडे पाहिलंस आणि गप्प बसलास. माझी पोरं आठवली असतील तुला. मला मात्र तू आठवला नाहीस, बंडू. मी घाबरलो. फार लाज वाटते.

येत्या शुक्रवारी तुझ्या बडतर्फीवर सही होणार आहे. उद्या सकाळी मी साहेबांना खरं सांगणार आहे. पण बुधवारपर्यंत माझी तार आली नाही, तर मी पुन्हा कच खाल्ली असं समज; हे पत्र घेऊन गुरुवारी ये आणि त्यांच्या टेबलावर ठेव. माझा विचार करू नकोस.

नुसत्या 'दादा'ला साहेब मानणार नाहीत, म्हणून पूर्ण सही करतो.

अच्युत विठोबा पिंपळीकर
तिकीट नंबर ४१७, लेप खातं