अठरा दिवसांची रेघ

वाघजाईची वाडी, ता. मुळशी
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय जयवंता,

तुझं पत्र काल पोचलं. कारखान्याची नोकरी सोडलीस, भांडुपची खोली मोकळी करून शनिवारच्या एसटीनं येतोस, हे वाचून चांगुणेनं लगेच अंगण सारवायला घेतलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण तुम्ही दोघं चार महिनेसुद्धा एका घरात राहिला नसाल. सुनेचा चेहरा इतका उजळलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि उठून गोठ्यात गेलो. गुरांना वैरण घातलेलीच होती, तरी परत घातली.

मागच्या दिवाळीत पुण्याच्या सरकारी साहेबांनी पठारावर वारा मोजायचा खांब रोवला, तेव्हा तू रजेवर आला होतास. साहेब म्हणाले होते, वर्षभराचे आकडे चांगले आले तर इथं वीस पवनचक्क्या उभ्या राहतील, पहिली तार वाडीला मिळेल आणि देखभालीला वायरमन इथलाच घेऊ. तू त्यांना वायरमनचं सर्टिफिकेट दाखवलंस, त्यांनी नाव लिहून घेतलं. धरणात आपली भाताची खाचरं बुडाली, तिथली वीज मुंबईला गेली आणि आपण साठ वर्षं रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात बसलो. म्हटलं, पाणी नाही तर नाही, वारा तरी आपल्याला पावेल. खांबाची राखण मला दिली. काम एवढंच, की रोज वर जायचं आणि टोकावरच्या वाट्या फिरतायत ना ते बघायचं. वाऱ्याची रेघ ज्यावर उमटायची तो पेटीतला कागद साहेब महिन्यानं येऊन बदलायचे.

आषाढात तू लिहिलंस, की पवनचक्कीचं काम म्हणजे साठ फूट वर चढून करायचं असतं. ते पत्र तुझ्या आईला मीच वाचून दाखवलं, आणि तुझं कौतुक म्हणून दोनदा वाचलं. तिचा हात भाकरीवरच थांबला होता, त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. त्याच आठवड्यात वारा सुटला. गंगूबाईच्या पडवीचे पत्रे उडून ओढ्यात गेले. आपल्याकडे वारा असा पिसाळला की ज्या बाईचं लेकरू घराबाहेर आहे तिनं जुन्या लुगड्याची चिंधी वाघजाईपुढच्या दगडाला तीन गाठी मारून बांधायची, वारा बांधायचा. तू लहानपणी पाहिलंयस. पण तुझ्या आईला वाटलं, आता वारा दगडाकडं कुठला राहतोय, तो त्या वाट्यांत येऊन बसलाय. पहाटे वारा जरा पडला तेव्हा ती एकटी वर गेली. हिरडा काढायला जन्मभर झाडं चढलेली बाई, तीस फूट खांब तिला काय जड. वाट्या खांबाला करकचून बांधून खाली उतरली आणि दिवसभर माझ्या शेजारी वाकून भाताची आवणी केली.

त्यानंतर अठरा दिवस मी पठारावर गेलोच नाही. लावणी चालली होती, गुडघा धरला होता, धुकं होतं, जळवा होत्या. खरं सांगायचं तर कंटाळा केला. आवणी उरकल्यावर गेलो, तर वर हिरवी चिंधी. कसाबसा चढून सोडली आणि घरी येऊन तिच्यापुढं टाकली. तिला लपवायचं काहीच नव्हतं. म्हणाली, "पोरगं चढनार हाय न्हवं त्या लोखंडावर? मंग बांदला वारा. आई हाय मी त्याची." मी तिच्यावर ओरडणार होतो. जयवंता, माझ्याच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कागदावर अठरा दिवसांची सरळ रेघ होती, उंदरानं कुरतडल्याइतकासुद्धा चढउतार नाही. त्यांनी विचारलं, वाट्या अडकल्या होत्या का? अडकल्या असतील तर हे दिवस धरणार नाही, पुढच्या पावसात परत मोजू. केवढा भला माणूस. मी खरं बोललो असतो तर माझं काम गेलं असतं, सरकारी यंत्राला हात लावला म्हणून तुझ्या आईला चौकीत नेलं असतं, असं मला वाटलं. आईचं नाव पुढं करतोय, पण आधी भीती वाटली ती माझीच. मी म्हणालो, "न्हाई साहेब, रोज बगत हुतो. आषाढात हितं वारा पडतुयाच." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

गेल्या मंगळवारी साहेबांची माणसं येऊन खांब काढून घेऊन गेली. पठारावर भर पावसात वारा नाही असा निकाल झाला, पवनचक्क्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. सरपंच कोंडाजी पुण्याला जाऊन साहेबांना भेटून आला. ते म्हणाले, तुमच्याच राखणदाराचा जबाब आहे. मंगळवारीच तुला लिहायला हवं होतं. रोज कागद पुढं घेतला आणि ठेवून दिला, आणि तेवढ्यात तू पवनचक्कीच्या भरवशावर तिथली नोकरी सोडून मोकळा झालास. इथं तुझ्यासाठी काही उरलेलं नाही, आणि ते मी घालवलं. शनिवारच्या एसटीत बसू नकोस. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी कारखान्याच्या मुकादमाकडं जा, हवं तर त्याचे पाय धर, पण जागा परत माग. आईला यातलं काही कळवू नकोस. ती आणि चांगुणा शनिवारी फाट्यावर येऊन उभ्या राहतील. तू का आला नाहीस ते त्यांना मी सांगेन. खोटं बोलायचं कसं, ते मला आता येतं.

तुझाच,
आबा