मोजा घसरला तर

आई, परवा तुझं मोज्याचं मशीन माळ्यावरून खाली काढलं. हँडल करकरलं, पण फिरलं. सुया पुसल्या, तेल सोडलं. तुझ्या नातीच्या घोट्यावर पांढरा डाग उठलाय गं. डॉक्टर सरळ म्हणाले, कोड आहे. तू हयातभर तो शब्द तोंडातून काढला नाहीस, नुसतं "ते" म्हणायचीस. "ते दिसतंय, झाक." आत्ता तो लिहिला आणि आधी दाराकडं बघितलं. मला झालं तेव्हा निदान भ्यायला तू होतीस. आता तिच्यासाठी भ्यायचं काम एकट्या माझ्यावर आलंय.

माझं निघालं तेव्हा मी आठवीत होते, आपण दौंडला राहत होतो. गुडघ्याच्या खाली, नडगीवर, आधी रुपयाएवढं आणि मग बघता बघता तळहाताएवढं. "डाक्टर म्हन्त्यात लागत न्हाई कुनाला," तू म्हणालीस, "पर लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार? उद्या लगीन व्हायचंय तुझं." शाळेचा स्कर्ट गुडघ्यापर्यंत आणि दुकानातले मोजे दुपारपर्यंत घोट्याशी गोळा व्हायचे. रबर चढवलं की पाय काचून निळा पडायचा. तू घरीच शाळेचे मोजे विणून दुकानाला द्यायचीस, म्हणून तूच ठरवलंस, "मी इनते तुला लांब. गुडघ्यापातूर."

अजून दिसतं मला ते. स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळून बसवलेलं मशीन, तांब्याच्या तोंडाएवढ्या गोलात उभ्या सुया. तू हँडल फिरवतेयस, सूत सुयांवरून गरगर जातंय आणि खाली मोजा नळीसारखा उतरतोय. टाके वर उसळू नयेत म्हणून त्याला वजन टांगलेलं. मध्येच थांबून तू स्क्रू पिळतेस, पोटरीला सैल, घोट्याला आवळ. माझी पोटरी मुठीत धरून बघतेस आणि पुन्हा फिरवतेस. मशीनवर असतानाच टेप लावलीस, माप अगदी बरोबर भरलं. तुझा चेहरा असा खुलला की मलाही वाटलं, सुटलो आता.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. पाय घालते तर मोजा चार बोटं आखूड! मी ओढते, तू ओढतेस, तो काही वर सरकत नाही. शाळेत जाणं तर भाग होतं, संचलनात नाव होतं माझं. मैदानावर मी पहिल्या रांगेत, किंचित वाकून उजव्या हातानं मोजा वर ओढून धरलेला. "हात सरळ! ए, तू, हात सरळ!" सर ओरडले. हात सोडला आणि मोजा उतरताना मला समजला, टाका टाका समजला. मागच्या मुलीनं विचारलं, "भाजलंय का गं तुला?" मी हो म्हणून मान डोलावली. आणि मग वर्षभर त्या चहाच्या पातेल्याची गोष्ट सांगत फिरले, जे कधी सांडलंच नव्हतं.

घरी आले तर तू तवा तापत ठेवून मशीनपुढं बसलेली. माझं ऐकलंस आणि कपाळावर हात मारलास. "वजनानं तानलेला मोजा मोजला गं मी. खुळी का काय! वजन काढल्यावर त्यो आपल्या जागी बसनारच की." दुकानाचे मोजे घोट्याच्या वर चार बोटं असायचे, त्यात बोटभर आखूड कुणाला कळतंय? हा लांब, म्हणून फसलीस. त्यानंतर तू मोजा उतरवायचीस, पाण्यातून काढायचीस, वाळला की मगच टेप लावायचीस. आणि आई, खरं सांगते, असा मोजा कुणी विणला नसेल. धावले, दोरीवरच्या उड्या मारल्या, पण एकदाही घसरला नाही.

पण माझी भीती गेली नाही. वर्गात दर थोड्या वेळानं हात गुडघ्याशी जायचाच. एकदा मे महिन्यात जिवाची काहिली झाली म्हणून मी मोजे खाली करून ओट्यावर बसले. तू बाहेर आलीस ती पाठीत धपाटा घालतच. "बाई, सारं गाव बघंल ना!" रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला लागलं नाही फारसं. तुझ्या ओठांचा रंग उडाला होता, ते बघून मी जास्त घाबरले. त्या दिवसापासून मी झोपतानाही मोजे घालायला लागले आणि तू मला अडवलं नाहीस.

लग्न करून शिरूरला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये तू मोजे दडवले होतेस. सासरी त्याबद्दल काही बोलली नव्हतीस, हे मला पहिल्या रात्री कळलं. मी मेल्यासारखी पडून राहिले. ह्यांनी पाहिलं, "एवढंच व्हय?" म्हणाले आणि कूस बदलली. तुला हे सांगायचं होतं. दर भेटीला ओठांवर यायचं आणि राहायचं. मग तू गेलीस.

आता तुझ्या नातीचा मोजा विणला. आधी भिजवला, वाळवला, मग मापला, चूक नाही केली. आज सकाळी तिच्यापुढं धरला. तिनं हात फिरवला, "भारी झालाय," म्हणाली आणि परत माझ्या हातात दिला. "मम्मी, उन्हाळ्यात हे कोण घालतंय? वर्गात माहितीय सगळ्यांना. मीच दाखवलं."

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"विचारलं, दुखतं का. मी म्हटलं न्हाई. झालं." सँडलचा पट्टा त्या डागाच्या खालीच आवळला आणि पळाली बसला.

मी दारात उभी. कोण बघतंय, कोण कुजबुजतंय, कोपऱ्यावर बस येईपर्यंत जीव टांगणीला. कुणीच बघत नव्हतं. मग आत येऊन कडी लावली. घरात मी एकटी, पंखा गरम वारा टाकतोय. आई, मी माझ्या पायातले, अजून रोज घालते ते मोजे काढायला बसले होते. एक काढलाय. दुसऱ्याला हात लावायचा धीर होत नाहीये.