परिषद बदलल्याने अडलेले लग्न

प्रति,
मा. श्री. संजीव कारखानीस,
संचालक, क्रीडा विभाग,
गल्फव्ह्यू विद्यापीठ,
मॉसन लेक्स, ॲडलेड.

अर्जदार : सौ. नीरजा उल्हास टिपणीस, राहणार मॉसन लेक्स, विद्यापीठाच्या मागच्याच गल्लीत.

विषय : विद्यापीठाने क्रीडा परिषद बदलल्यामुळे अर्जदाराच्या मुलीचे लग्न अडले असून ते सोडवून देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या वेबसाइटवरील ‘आनंदाची बातमी’. २) अर्जदाराचा ईमेल व त्यास यंत्राने दिलेले उत्तर.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, सदर अर्जदार लग्नापूर्वी पुण्यात एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात नोकरीस होती. त्यामुळे अर्ज कसा असतो हे तिला कोणी शिकवू नये. या प्रकरणी तिने आधी इंग्रजीतून ईमेल केला होता. त्यावर ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर तिने ‘पाठवा’चे बटण दाबताक्षणी आले. एवढ्या वेगाने माणूस वाचत नाही. नंतर वेबसाइटवर संचालकांचे नाव कारखानीस असल्याचे दिसले आणि अर्जदाराचा जीव भांड्यात पडला. आपले माणूस म्हटल्यावर मराठीतच लिहिलेले बरे. आपला जन्म इकडचा असल्यास घरातील वडीलधाऱ्यांकडून अर्ज वाचून घ्यावा, पण अर्धवट वाचू नये.

२. अर्जदाराची मुलगी चि. सौ. कां. मैथिली आपल्याच विद्यापीठात पोस्ट-ग्रॅड करते व विद्यापीठाच्या मिश्र नेटबॉल संघात खेळते. समोरच्याला गोल करू न देणे हे तिचे काम. घरातही ती हेच करते. मेलबर्नच्या मेरीबँक विद्यापीठाशी दरवर्षी मे महिन्यात परिषदेचा, म्हणजे दोन्ही विद्यापीठे ज्या गटात खेळत त्या गटाचा, सामना होत असे. अशाच एका सामन्यात तिने मेरीबँकच्या नचिकेत साबडे या मुलास अडवताना असे पाडले की त्याचा घोटा सुजून टम्म झाला. मैथिली त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेली, ती माफी मागायला. पुढे काय झाले ते अर्जदारास बराच काळ कळले नाही, आणि कळले तेव्हा मुलगा बोर्नव्हिटा पिऊन स्वयंपाकघरात कप विसळत उभा होता. मुलगा गुणी आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

३. तक्रार लग्नाच्या जागेची आहे. आपल्याकडे लग्न मुलीकडे होते, हे आपण जाणताच. परंतु विहीणबाई सौ. मयूरा अजित साबडे, राहणार क्रेगीबर्न, मेलबर्न, यांचे म्हणणे असे पडले की त्यांची माणसे दीडशे, टिपणीसांची मोजून चाळीस, तेव्हा सगळ्यांनी विमानाने ॲडलेडला यायचे म्हणजे नसता उपद्व्याप. लग्न मेलबर्नलाच करा. बैठक अर्जदाराच्या घरी बसली होती. पुरणपोळ्या झाल्या, चहा झाला, दुसरा चहा झाला, कोणी तसूभर हलेना. अर्जदाराचे यजमान श्री. उल्हास हे अशा प्रसंगी मूग गिळून बसतात, तसे ते बसले. व्याही श्री. अजितराव तर डुलकी काढू लागले. शेवटी नचिकेत वैतागून म्हणाला की, मग येत्या मेमधल्या मॅचवर ठरवा ना, जो जिंकेल त्याच्या गावात लग्न. तो चेष्टेने म्हणाला होता. परंतु विहीणबाईंनी लगेच ‘चालेल’ म्हटले आणि अर्जदारानेही माघार घेतली नाही. तिथल्या तिथे देवापुढे सुपारी फुटली. सुपारी फुटली की ठरले, त्यापुढे कोर्टही नाही.

४. यानंतर महिन्याच्या आत आपल्या विद्यापीठाने ‘आनंदाची बातमी’ दिली की, गल्फव्ह्यू आता दक्षिण-मध्य विद्यापीठ क्रीडा परिषद सोडून पॅसिफिक किनारा विद्यापीठ क्रीडा परिषदेत जात आहे. आनंद कोणाला झाला हे शोधण्याचा अर्जदाराने प्रयत्न केला, कोणी सापडले नाही. मॉसन लेक्समध्ये जे पाणी आहे ते माणसांनी खोदून भरलेले तळे आहे. तेथून पॅसिफिक दिसत नाही, गच्चीवर चढले तरी दिसत नाही. अर्जदाराने नकाशा उघडून यजमानांना विचारले की ॲडलेड पॅसिफिकच्या किनाऱ्यावर कधी गेले. ते म्हणाले, हे टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी असते, तू त्यात पडू नकोस. अर्जदार पडली नव्हती, तिला पाडण्यात आले आहे.

५. परिणामी मेरीबँकशी होणारा सामना रद्द झाला. ही बातमी कळताच विहीणबाईंचा फोन आला. त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की, अगं नीरजा, तुमच्या युनीने मैदान सोडलं, म्हणजे तुम्ही हरलात, मी क्रेगीबर्नचा हॉल बघून ठेवते. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला. मैदान अर्जदाराने सोडलेले नाही. अर्जदाराला कोणी विचारलेही नाही. आपण कचेरीत बसून सही ठोकलीत आणि इकडे अर्जदाराच्या डोक्यावर मिरे वाटले जात आहेत!

६. अर्जदाराने तडजोडीचे सर्व मार्ग चोखाळले. मैत्रीचा सामना खेळू म्हटले, तर बैठकीत शब्द ‘परिषदेचा सामना’ असा होता, मैत्रीचा म्हणजे पोरखेळ, असे उत्तर आले. नाणे उडवू म्हटले, तर विहीणबाई म्हणाल्या, सून नाणे उडवून आणतात का. मग त्याच म्हणाल्या की मागच्या वर्षीचा निकाल धरू. तो अर्जदारास मंजूर नाही. त्या सामन्यात आपला संघ इतक्या गोलांनी हरला की गुणफलक लिहिणारी मुलगी मध्येच पाणी प्यायला गेली. मैथिलीला विचारले तर ती म्हणते, आई, सीरियसली, इट्स नेटबॉल. मुलांना सुपारीचे गांभीर्य नाही. त्यातच मेच्या मध्यापासून अधिक महिना लागतो. एकदा तो लागला की घोडे जे पेंड खाईल ते किती दिवस खाईल, सांगता येत नाही.

७. अर्जदार आपल्या कार्यालयात समक्षही येऊन गेली. स्वागतकक्षातील मुलीने सर्व ऐकून घेतले आणि ‘नो वरीज’ म्हणून पाण्याचा ग्लास दिला. अर्जदार वरीज घेऊनच आली होती व घेऊनच परत गेली. मुलगी चांगली होती, तिच्यावर कारवाई करू नये.

८. सबब अर्जदाराच्या मागण्या अशा की, विद्यापीठाने जुन्या परिषदेत परत जावे. ते जमत नसल्यास एका दुपारपुरते, म्हणजे इकडच्या भाषेत एका आरवोपुरते, परत जावे आणि सामना संपताच पुन्हा पॅसिफिकला निघून जावे, अर्जदार अडवणार नाही. तेही जमत नसल्यास ‘परिषद सोडणे म्हणजे हरणे नव्हे’ असे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावे. शिक्का गोल असावा. चौकोनी शिक्क्याला विहीणबाई मानणार नाहीत.

९. अर्ज येथवर लिहून झाला असता काल संध्याकाळी एक नवी गोष्ट घडली, ती आपल्या निदर्शनास आणणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. विहीणबाईंचा पुन्हा फोन आला. अर्जदार कंबर कसूनच बोलायला बसली. पण त्यांनी आधी चहा झाला का ते विचारले. मग म्हणाल्या की, वॉकओव्हरने सून आणली असे उद्या लोक म्हणतील, ते मला सहन होणार नाही, म्हणून मी आमच्या युनीला अर्ज केला होता की तुम्हीही पॅसिफिकमध्ये जा. आणि मेरीबँक जाते आहे! अर्थात त्यांच्या अर्जामुळे नव्हे, टीव्हीवाल्यांमुळेच, पण विहीणबाईंचा समज वेगळा आहे आणि अर्जदाराने तो मोडला नाही. अर्जदार आ वासून ऐकत राहिली. इतके दिवस अर्जदाराने ज्या बाईला पाण्यात पाहिले ती तिकडे अर्जदारासारखीच अर्ज लिहीत बसली होती, हे कळल्यावर अर्जदाराला रडू आले. ते तिने फोनवर लपवले नाही. पलीकडेही तेच चालले होते.

१०. मात्र आनंद चहा निवेपर्यंतच टिकला. मैथिलीने नव्या परिषदेचा कार्यक्रम वाचून दाखवला. नव्याने आलेल्या संघांचे सर्व सामने पहिल्या वर्षी त्रयस्थ जागी होतात. मेरीबँकशी आपला सामना ९ मे रोजी कॉफ्स हार्बर येथे आहे. ते गाव ॲडलेडात नाही आणि मेलबर्नातही नाही. ते खरोखरच पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहे, एवढी माहिती आपल्या परिषदेबद्दल प्रथमच खरी निघाली. आता जिंकणाऱ्याच्या गावी लग्न करायचे तर सामन्यानंतर अधिक महिन्याच्या आधी हॉल मिळत नाही, इकडेही नाही आणि क्रेगीबर्नलाही नाही, कारण विहीणबाईंनी पाहून ठेवलेला हॉल त्यांनी काल अर्जदारावर दया येऊन सोडून दिला! दोन्ही मुले, एक इकडून आणि एक फोनवरून, म्हणाली की आम्ही तिथेच आहोत, भटजींना तिथेच बोलवा, नाहीतर आम्ही रजिस्टर करून मोकळे होतो. त्यावर दोन्ही आया फोनवरच एकदम ‘नाही’ म्हणाल्या, आणि लगेच दोघी एकदम ‘चालेल’ म्हणाल्या. या दोघींचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. उल्हास यांनी तर उठून साखर वाटली.

११. आता लग्न सामन्यानंतर नेटबॉलच्या कोर्टाच्या बाजूच्या हिरवळीवर आहे. भटजी ब्रिस्बेनहून येतात. वऱ्हाड कमी झाले, त्याबद्दल अजितरावांची तक्रार नाही, उलट ते पहिल्यांदाच जागे दिसले. जागेचा वाद मिटला, त्यामुळे सामना कोण जिंकतो याच्याशी अर्जदारास कर्तव्य नाही. मात्र आपल्या संघाने हरू नये, ही विनंती आहेच.

१२. वरील परिच्छेद ८ मधील सर्व मागण्या अर्जदार या अर्जान्वये मागे घेत आहे. आपण खुशाल पॅसिफिकमध्ये राहावे. आता एकच मागणी उरते, आणि ती अर्जदाराने विहीणबाईंनाही सांगितलेली नाही. सगळा हट्ट जागेचा नव्हता, महोदय. लग्न झाल्यावर मुलगी आईच्या दारातून निघते. अर्जदाराला एवढेच हवे होते. पुण्याहून निघताना ती स्वतः आईच्या दारात थांबली होती, तेव्हा आईने तिच्या ओटीत तांदूळ घातले. मैथिलीला तसे निघता यावे म्हणून इतके भांडण केले. कॉफ्स हार्बरला अर्जदाराचे दार नाही. कोर्टाला जाळी आहे आणि त्या जाळीला एक लोखंडी फाटक आहे, ते वेबसाइटवर फोटोत दिसते.

१३. तरी आपणास कळकळीची विनंती की, कॉफ्स हार्बरच्या यजमान विद्यापीठास कळवून दिनांक ९ मे रोजी दुपारी खेळाडू आत-बाहेर करून झाल्यावर सदर फाटक अर्ध्या तासापुरते मोकळे ठेवावे, आणि तेवढा वेळ ते सौ. नीरजा उल्हास टिपणीस यांच्या घराचे दार आहे, असे आपल्या सहीचे पत्र द्यावे. शिक्का नसला तरी चालेल. मुलगी फाटकातून निघाली की अर्जदार ते स्वतः लावून घेईल.

उत्तराची वाट पाहत, आपली नम्र अर्जदार,

(सौ. नीरजा उल्हास टिपणीस)
मॉसन लेक्स, दि. १४ एप्रिल २०२६

सोबत :
१. लग्नाचे निमंत्रण, आपणास सहकुटुंब. अहेर आणू नये.
२. फाटकाचा फोटो, खूण करून.
३. सौ. मयूरा साबडे यांची पाठिंब्याची सही, फोनवर फोटो आला तशी. (अर्जाचा शेवटचा भाग त्यांना वाचून दाखवलेला नाही, आपणही दाखवू नये.)