सातावरची आडवी रेघ

गुरुवार, ९ ऑक्टोबर
दुपारी सव्वातीन

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. बासष्टाव्या वर्षी कुणी चिरंजीव म्हणालं म्हणून नाक मुरडू नकोस; मी आहे तोवर तू धाकटीच. घरची सगळी खुशाल असतील असं धरून चालते. गेली दोन वर्षं तसंच धरून चालले आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. पेन नवीन आहे.

आता मुद्द्याचं. परवा, मंगळवार ७ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या फाटकावर लाल कार्ड चिकटवण्यात आलं. वेळ नेमकी सांगते, कारण मी तेव्हा खिडकीत चहा घेत उभी होते. चिकटवणाऱ्याने वर बघून मला नमस्कार केला. कार्डावर लिहिलंय : 'घराबाहेरील नळ व दगड अस्वच्छ आणि विद्रूप. स्वतः काढावेत, अन्यथा शुक्रवार, १७ ऑक्टोबर रोजी समिती काढेल.' वर छापील फूल, खाली छापील आभार.

तू या शहर सुशोभन समितीत आहेस, भिंतींवर पक्षी रंगवतेस, असं ऐकते. म्हणून तुलाच विचारते. माझ्याविरुद्ध तक्रार कुणी केली?

मी स्वच्छतेच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. आपल्या लहानपणी या रस्त्यावर अकरा घरं होती, आता एकेका इमारतीलाच अकरा मजले आहेत. कचरा वाढणारच. समितीने कोपऱ्यावरचा उकिरडा हलवून तिथे बाक ठेवला, हे चांगलंच केलं. मी तिथे बसून आले. चौकातले सिमेंटचे बगळे मात्र मला मान्य नाहीत. एकाची मान मोडली आहे आणि आता तो बदकासारखा दिसतो.

पण नळ? ज्या नऊ बायका उजाडायच्या आत हे शहर झाडायला घेतात, त्या साडेदहाला माझ्या नळावर हात धुतात आणि भिंतीच्या सावलीत बसून डबा खातात. सबंध रस्त्यावर त्यांना हात धुवायला दुसरी जागा नाही. समितीला रस्ता झाडलेला हवा, झाडणारी दिसायला नको. आईने तो नळ मुद्दाम फाटकाबाहेर काढून घेतला होता, आठवतं ना? प्लंबर म्हणाला, बाई, लोक पाणी नेतील. आई म्हणाली, त्यासाठीच तर.

पहिला संशय माझा समोरच्या कुंडीबहाद्दरावर होता. हे रिटायर्ड इंजिनिअर. आपल्या घरासमोर कुणी गाडी लावू नये म्हणून त्यांनी रस्त्यावर चौदा कुंड्या मांडल्या आहेत आणि त्याला ते हिरवाई म्हणतात. येता-जाता मला 'ताई, ताई' करतात. उगाच ताई म्हणणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण चौकशी केली, तर गृहस्थ महिनाभर मुलीकडे गेलेत. मग आठवलं, त्यांच्या कुंड्यांना रोज पाणी मीच घालते आहे. त्याच विद्रूप नळाचं.

दुसरा संशय तुमच्या अध्यक्षांवर. दातांचे डॉक्टर आहेत, सगळं गाव पांढरं आणि एका ओळीत हवं असतं त्यांना. काल सकाळी अकराला त्यांच्या दवाखान्यात गेले. समितीचं कपाट तिथेच आहे, कवळ्यांच्या नमुन्यांशेजारी. म्हटलं, तक्रार दाखवा. ते म्हणाले, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतो आम्ही. मी म्हटलं, नाव झाका, मजकूर दाखवा. मजकूर पाहिल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही, आणि बाहेर तुमचे चार पेशंट गाल धरून बसलेत. तेव्हा त्यांनी कागद काढला आणि सहीवर अंगठा ठेवून माझ्यासमोर धरला.

नको तिथे अंगठा ठेवला बिचाऱ्याने.

एकतीस वर्षं मी पोस्टात न पोचलेल्या पत्रांच्या टेबलावर काढली. पत्ता अर्धवट, नाव पुसलेलं, पाकीट भिजलेलं. नुसत्या अक्षरावरून माणूस शोधायचा. मला सहीची गरज पडत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? कागदाच्या पहिल्याच ओळीत माझ्या घराचा नंबर होता, २७. आणि त्या साताला मधोमध आडवी रेघ होती.

शाळेतली ती सिस्टर आठव, जिला आपण वर्गात 'आडवी रेघ' म्हणायचो. इंग्रजी एक आणि सात एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येक सातावर रेघ मारायला लावायची आणि विसरलं की बोटांवर पट्टी. आपण दोघी इतक्या घाबरलो, की घरी येऊन मराठी साताला पण रेघ मारू लागलो. बाबा हसायचे. म्हणायचे, अगं, हा कशात मिसळणार आहे? याच्या कमरेला पट्टा कशाला? तरी ती सवय गेली नाही. या पत्राच्या सुरुवातीला बघ, कार्डाची तारीख लिहितानाही मी तो पट्टा बांधलाय.

तर या शहरात मराठी साताला पट्टा बांधणाऱ्या बायका दोन. त्यातल्या एकीने तक्रार केलेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

अक्षर ओळखल्याचं मी डॉक्टरांना कळू दिलं नाही. माझी जीभ गप्प राहिली, याची तू नोंद घे. फार वेळा घडत नाही. पण त्यांनी उरलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवली. 'नळाखालचा दगड शेवाळलेला असून वयस्कर व्यक्ती पुन्हा घसरून पडण्याची शक्यता आहे.' मग चष्म्यावरून बघत मला विचारलं, "पुन्हा म्हणजे? आधी कोणी पडलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही. शुद्धलेखनाची चूक असेल."

धाकटे, 'पुन्हा' हा शब्द तुला लिहायला नको होता. त्या एका शब्दावर मी काल रात्रभर तळमळले. तो शब्द तुझ्याकडे आला कुठून? मी तर कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरला सांगितलं होतं, ते हाडांचे, दातांचे नव्हेत. आणि दुसरी एकच बाई तिथे होती. म्हणून आज साडेदहाला मी झाडणाऱ्या बायकांच्या मुकादमीणबाईला फाटकात गाठलं. तिने डबा बंद केला नाही की मान खाली घातली नाही.

"तुम्ही म्हणालात, कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "बहीण काय कोणी असते का?"

यावरचं उत्तर मी तुझ्यावर सोपवते. तुला सुचलं तर कळव.

तर हो. अठरा जूनला, सकाळी सातच्या सुमाराला, मी त्या दगडावरून घसरले. उजवं मनगट मोडलं. मुकादमीणबाईनेच मला उचललं, रिक्षात घातलं, प्लास्टर होईपर्यंत झाडू हातात धरून हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. सहा आठवडे प्लास्टर होतं. अजून बोटं पेनावर नीट मिटत नाहीत. पेन जुनंच आहे.

आणि जुलैमध्ये तू आली होतीस, ते मला माहीत आहे. तीनदा घंटा वाजवलीस. मी दाराच्या अलीकडे होते, तुझ्यापासून हातभर. तुला वाटलं असेल, म्हातारी अजून भांडण धरून बसली आहे. तसं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, एकटी राहू नकोस, पडलीस तर कोण उचलेल? आणि मी म्हणाले होते, मी पडणार नाही, आणि पडले तरी तुला हाक मारणार नाही. आता प्लास्टर गळ्यात अडकवून दार कसं उघडायचं? तू एक अक्षर बोलली नसतीस. नुसतं बघितलं असतंस. तेच मला नको होतं.

तू पायऱ्या उतरलीस, तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. तू फाटकाबाहेर थांबून दगडाकडे बघितलंस, चपलेच्या टोकाने शेवाळ खरवडलंस. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. अक्षरावरून माणसं शोधणारी बाई मी, चपलेवरून नाही कळलं.

पण म्हणून तू निर्दोष ठरत नाहीस. काळजी वाटली, तर माणूस खिडकीखाली उभं राहून ओरडतं; समितीला अर्ज करत नाही. तू दगडाबद्दल लिहिलंस, त्यांनी नळाबद्दल वाचलं. शेवाळ घालवायला त्यांनी पाणीच तोडायचं ठरवलं. हे तुला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. तू पक्षी रंगवत असताना बैठकीत काय ठरतं, ते तू ऐकत नसशीलही. किंवा ऐकलं असशील, आणि वाटलं असेल, नळच गेला तर ताई बाहेर येऊन घसरणार नाही. हा माझा शेवटचा संशय आहे आणि तो खोटा ठरावा अशी माझी इच्छा आहे. दगड काढा, खरखरीत फरशी बसवा, धरायला दांडी लावा. मी हरकत घेणार नाही. दांडी लावल्याबद्दल टोमणाही मारणार नाही. पण नळ राहील. नऊ बायकांनी मळल्या हातांनी घास खायचा आणि आपण बगळे रंगवायचे, हे आईच्या घरासमोर होणार नाही.

तक्रारदाराने लेखी मागे घेतल्याशिवाय कार्ड रद्द होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी सकाळी त्यांची माणसं हातोडे घेऊन येणार. तेव्हा तक्रार मागे घेतल्याची प्रत आणि या पत्राचं लेखी उत्तर मला गुरुवार, १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७ च्या आत मिळालं पाहिजे. फोनवर चालणार नाही. पोस्टानेही पाठवू नकोस. पोस्टात मी एकतीस वर्षं होते, मला माहीत आहे पत्रांचं काय होतं. स्वतः घेऊन ये. वर माझ्या घराचा नंबर आकड्यात घाल, म्हणजे उत्तर तुझंच आहे हे मला पटेल.

घंटा एकदाच वाजव. दगडावर पाय ठेवू नकोस.

तुझी, एकदाच पडलेली,
ताई